मालमोटारीवरील पहिले वर्ष
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर बोलावयास उभे राहणाऱ्याने लवकर आटोपावे, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तरीही ज्या मुलांची नावे या व्यासपीठावरून कधी पुकारली जात नाहीत, त्यांच्यापैकी एकाविषयी बोलण्याची परवानगी मी मागून घेतली आहे. तो माझा भाचा. दहावीस दोनदा नापास झाला आणि लासलगावचा कांदा वाहणाऱ्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. "जन्माचे वाटोळे करून घेतलेस," असे मी त्याला सर्वांदेखत बोललो. चौतीस वर्षे मुलांत काढलेल्या माणसाला ते शोभले नाही.

शिक्षण सुटले म्हणजे ड्रायव्हर होता येते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालमोटार चालविणाऱ्याचे वय किमान 20 असावे लागते, आणि हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन वर्ष झाल्याखेरीज त्याला शिकाऊ परवानाही मिळत नाही. आठवी उत्तीर्ण असण्याची अट मात्र 2019 मध्ये काढण्यात आली. मास्तर या नात्याने मी हळहळलो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, घाटात ब्रेक तापला तर त्याला आठवीचा दाखला दाखवायचा का?"

त्याची खरी शाळा उस्तादापाशी झाली. टायरवर लोखंडी सळई मारून आवाजावरून हवा ओळखणे, ताडपत्री अशी ताणणे की पावसाचे पाणी कांद्यात उतरू नये, बिल्टी जपणे, ई-वे बिलाची मुदत सांभाळणे. ही मुदत साधारणतः दर 200 किलोमीटरांस एक दिवस असते. वाटेत पाटा तुटला तर नव्या ड्रायव्हरच्या पोटात गोळा उठतो. या शाळेत तो चार वर्षे होता.

पुढे स्वतंत्र गाडी हाती आली आणि पहिल्या वर्षीच परीक्षा झाली. मालक फेरीला डिझेल मोजून देई. इतर ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करीत, कोणी इंजिनच बंद करीत, आणि डिझेल वाचवीत. हा तसे करीना. तिसऱ्या महिन्यात पगार कापून त्याला काढून टाकण्यात आले. मी पुन्हा रागावलो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या मालकाची गाडी मिळाल्यावर नाशिकहून उरणच्या बंदराकडे कांदा घेऊन निघाला, तेव्हा क्लीनरच्या जागेवर त्याने मला बसविले.

रात्रीची वेळ होती. इगतपुरी मागे टाकून, कसारा घाट लागण्यापूर्वी त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरून सर्व चाके तपासली, हवेच्या दाबाचा काटा पाहिला. मग मला समजावून सांगितले. ट्रकचा ब्रेक हवेच्या जोरावर लागतो आणि ती हवा इंजिन भरते. इंजिन बंद केले की टाकी भरणे थांबते, प्रत्येक वेळी पायाखालचे पॅडल दाबले की ती थोडी रिकामी होते, स्टिअरिंगही जड होते. न्यूट्रलमध्ये तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापला की पकड सुटते. "उस्ताद सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर."

आम्ही बैलगाडीच्या चालीने उतरू लागलो. मागच्यांचे हॉर्न चालले होते. मीही मनातून त्रासलो होतो, हे कबूल करतो. इतक्यात एक भरलेला ट्रक आमच्या उजव्या बाजूने खाली गेला. इंजिनाचा आवाज नाही, नुसता टायरांचा. "तो डिझेल वाचवतोय, मामा." एवढेच तो बोलला. मी हातातली दांडी उरणपर्यंत सोडली नाही.

पुण्यानजीक नवले पुलावर 20 नोव्हेंबर 2022 रोजी उतारावरून आलेल्या एका मालवाहू गाडीने कित्येक वाहने चिरडली, ते आपण वाचले असेल. तशी बातमी आली की आपण ड्रायव्हरला शिव्या देतो. मोजून डिझेल देणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात आठ तासांचा दिवस लिहिलेला होता. रस्त्यावर तो मला दिसला नाही. नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांत 2025 मध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे बरे झाले. पण झोपेची सक्ती कोण करणार?

कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की विद्यार्थी-फंडातून दरवर्षी निदान दोन मुलांना जड वाहनाच्या प्रशिक्षणाची फी उसनवार द्यावी.

आणि एक घरगुती गोष्ट. वधूवर सूचीच्या अर्जात भाच्याने व्यवसायाच्या रकान्यात "वाहतूक व्यवसाय" असे लिहिले होते. गेल्या खेपेस "ड्रायव्हर" वाचून तीन घरांनी पत्रिका परत केली, म्हणून बिचाऱ्याने तसे लिहिले. मी ते खोडून स्वतःच्या हाताने "ट्रक ड्रायव्हर" असे लिहिले आहे. कोणास चौकशी करावयाची असल्यास पंगत उठेपर्यंत मी मंडपातच आहे.