आठ इंचांची शेवरोले

(१९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला, "दहा मिनिटं बोलायचंय. निवृत्तीनंतर काय करतोस ते सांग." मी म्हटलं, "प्लॅस्टिकच्या मोटारी जोडतो." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं, तेच सांग. पण लांबवू नकोस." म्हणून तेच सांगणार आहे. त्याच्या पोटात एक कबुलीजबाब आहे, तो ओघात येईलच.

सुरुवात १९८० च्या दिवाळीच्या सुट्टीत झाली. आपण नववीत होतो. माझ्या बाकावरचा मित्र, नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ताच हसायला लागलाय, त्याचे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी एक खोका आणला. वर १९५७ च्या शेवरोले बेल एअरचं चित्र, मागे पंखांसारखे वर आलेले कोपरे. खोका उघडला तर आत गाडी नाहीच! नुसते तुकडे, प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले. मित्राच्या आजी म्हणाल्या, "अरे, वाटेत फुटली वाटतं."

खोक्यावर लिहिलं होतं, १/२५. त्याच सहामाहीत सरांनी गुणोत्तर-प्रमाण शिकवलं होतं आणि मला फळ्यापाशी उभं केलं होतं. सर, तेव्हा मला ते समजलं नव्हतं. ते समजलं त्या माडीवर. खरी गाडी २०० इंच लांब. भागिले २५, म्हणजे ८ इंच. आम्ही पट्टी लावून मोजलं. बरोबर आठ! तुमच्या छडीनं जे झालं नाही ते त्या पट्टीनं झालं.

अडचण एकच होती. खोक्यात गोंद नव्हता. आम्ही फेव्हिकॉल लावून पाहिला. सकाळी चिकटवलेला भाग संध्याकाळी हातात यायचा. मग मित्राच्या ताईच्या नेलपॉलिश रिमूव्हरचा शोध लागला. त्यात अ‍ॅसिटोन असतं, ते प्लॅस्टिक विरघळवतं, आणि दोन विरघळलेल्या कडा दाबून धरल्या की एकजीव होतात. हे शास्त्र तेव्हा माहीत नव्हतं. चिकटतंय एवढं कळलं. चार दिवसांत गाडी उभी राहिली. शेवटी पुढची काच तेवढी राहिली. ती गोष्ट जरा बाजूला ठेवतो.

पुढे मी डिप्लोमा केला आणि पिंपरी-चिंचवडला टूलरूममध्ये लागलो. तीस-पस्तीस वर्षं मोल्ड बनवले. बादल्यांची झाकणं, पंख्याचे भाग, मोटारींचे डॅशबोर्ड. पोलादाचे दोन ठोकळे, मध्ये पोकळी, तिच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं भरायचं, थंड झालं की ठोकळे उघडून भाग बाहेर ढकलायचा. त्या शेवरोलेचे तुकडे असेच बनले होते, हे पहिल्या आठवड्यातच ध्यानात आलं.

२०११ साली कंपनीनं मला दोन वर्षांसाठी मिशिगनला पाठवलं. तिथे हा छंद घरोघरचा आहे. कारण सोपं आहे, खऱ्या मोटारी तिथेच बनायच्या. ती आपली खोक्यातली शेवरोले बनवणारी एएमटी कंपनी १९४८ मध्ये डेट्रॉइटच्याच परिसरात सुरू झाली. आधी ती विक्रेत्यांच्या दुकानात ठेवायला, गिऱ्हाइकाला दाखवायला छोट्या तयार गाड्या बनवायची. १९५८ पासून तिनं तेच सुट्या भागांत विकायला काढलं. एका खोक्यात तीन पर्याय: कारखान्यातून आली तशी, आपल्या हौसेनं सजवलेली, किंवा शर्यतीची.

तिथल्या एका हौशी मंडळाच्या महिन्याच्या बैठकीला मी जाऊ लागलो. चर्चचा हॉल, लांब टेबलं, कॉफीचा थर्मास. बहुतेक सभासद मोटार कारखान्यांतून निवृत्त झालेले. टेबलावर त्या महिन्यात बाजारात आलेले खोके मांडलेले असत आणि वादाला सुरुवात होई. वाद नेहमीचाच: नवा मोल्ड की जुन्याची पुन्हा काढलेली आवृत्ती?

आपल्याला वाटेल, यात भांडण्यासारखं काय आहे? पुष्कळ आहे. नव्या मोल्डचा पक्ष म्हणे, आता खरी गाडी संगणकावर मोजून घेता येते, इंजिनाच्या वायरीपर्यंत सगळं नेमकं येतं. जपानमधल्या तामियानं तर १९७० च्या दशकात पोर्शेचं मॉडेल नीट काढण्यासाठी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती. जुना पक्ष म्हणे, नेमकेपणा आम्हाला शिकवू नका, आम्ही बारा वर्षांचे असताना जी जोडली तीच आम्हाला पुन्हा हवी.

तिसराही एक पक्ष होता, जपून ठेवणारांचा. त्यांच्या माळ्यावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे न उघडलेले खोके. तीच गाडी पुन्हा बाजारात येणार अशी बातमी आली की यांचा चेहरा पडे. कारण जुन्या खोक्याचा भाव उतरणार!

मी मोल्डवाला, म्हणून मला मध्ये घेत. मी सांगे, पोलादाचा मोल्ड तेल लावून नीट ठेवला तर पन्नास वर्षांनीही चालतो. पण झिजतो. ठोकळ्यांच्या कडा पूर्वीसारख्या घट्ट बसत नाहीत आणि फटीतून प्लॅस्टिकची पातळ चुणी बाहेर येते. तिला फ्लॅश म्हणतात, ती पात्यानं खरवडावी लागते. शिवाय त्या काळी दर वर्षी गाडीचं रूप बदलायचं, म्हणून कंपन्या तोच मोल्ड कोरून पुढच्या वर्षीची गाडी काढायच्या. मग आधीची गाडी कायमची गेली. ती परत हवी असेल तर जुनं मॉडेल मोजून नवा मोल्ड कापायला लागतो. आता काही कंपन्या तसंही करतात.

पुन्हा काढलेल्या खोक्यात साचा जुना असला तरी सगळंच जुनं नसतं. नंबर आणि चिन्हांची चिकटवायची पानं नवी छापलेली असतात, कारण जुनी पिवळी पडून पाण्यात टाकताच तुकडे होतात. टायर नवे असतात. जुन्या टायरच्या मऊ प्लॅस्टिकमधलं द्रव्य वर्षानुवर्षं झिरपून चाकाची रिम आणि काच वितळवतं. घेताना मी एवढंच बघतो: खोक्यावरचं चित्र नवं असलं म्हणून भुलायचं नाही, बाजूला बारीक अक्षरांत छापलेली सालं वाचायची.

एका बैठकीत टेबलावर तीच आपली ५७ ची शेवरोले आली, पुन्हा काढलेली. मी खोका हातात घेतला आणि शेजारच्या ऐंशीच्या आसपासच्या आजोबांना विचारलं, "काच कशानं चिकटवता?" ते म्हणाले, "काचेला कधीच प्लॅस्टिकचा सिमेंट लावायचा नाही. त्याच्या वाफेनं ती पांढरी पडते. शाळेत मुलं वापरतात तो पांढरा गोंद लावायचा. तो वाळला की पारदर्शक होतो."

पांढरा गोंद. म्हणजे आपला फेव्हिकॉल, जो आम्ही पहिल्याच दिवशी नालायक ठरवून बाजूला टाकला होता!

आता ती काचेची गोष्ट. त्या दुपारी मित्र जेवायला खाली गेला होता. माडीवर मी एकटा. म्हटलं, तो येईपर्यंत काच बसवून टाकू, चकित होईल. ब्रशनं रिमूव्हर लावला. डोळ्यांदेखत काच दुधासारखी पांढरी झाली, फडक्यानं पुसायला गेलो तर चरे पडले. मी ब्रश ठेवला आणि खाली जाऊन पानावर बसलो.

मित्राचा धाकटा भाऊ तेव्हा सहावीत होता. त्याला गाडीला हात लावायला बंदी होती, आणि तो लावायचा हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यावरच आळ आला. तो "मी नाही, मी नाही" म्हणत राहिला. काकांनी त्याला दोन थपडा दिल्या आणि सुट्टी संपेपर्यंत माडी बंद केली. मी तिथेच उभा होतो. माझ्या हातात चकली होती. मी काही बोललो नाही.

पुढे कधीतरी सांगू म्हणत पंचेचाळीस वर्षं गेली. काका गेले. त्यांना आता सांगता येणार नाही. दोघा भावांत त्यावरून पुढे काही राहिलं असेल असं मला वाटत नाही. पण मला ते राहिलं. नंतर टूलरूममध्ये हाताखालच्या पोरांकडून कितीही महागाचं नुकसान झालं, तरी "कोणी केलं?" हे मी चारचौघांत कधी विचारलं नाही. त्याचं कारण आज तुम्हाला कळलं.

तो धाकटा भाऊ आपल्यानंतर तीन वर्षांनी याच शाळेतून बाहेर पडला. सकाळी हा माइक बंद पडला तेव्हा तो दुरुस्त करायला धावला, तोच. आत्ता तो दाराशी उभा आहे.

अरे, ती काच मी खराब केली होती. तू नव्हे. सगळ्यांसमोर मार तुला बसला होता, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतोय. मला माफ कर.

मिशिगनहून आणलेला तो खोका मी आजवर उघडलेला नाही. आज पिशवीत घालून आणला आहे. जेवण झाल्यावर घेऊन जा. थोरल्यानं यायचं असेल तर येऊ दे, नाहीतर आपण दोघंच बसू. चाकं, इंजिन, रंग सगळं मी करीन, फ्लॅश खरवडायचं कंटाळवाणं कामही माझं. पुढची काच मात्र तू बसवायचीस. फेव्हिकॉल मी आणतो.

दहा मिनिटांची बारा झाली, क्षमा असावी.