आधी माप, मग वॉकर



आज आपण एका साध्या वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे चाकांचा वॉकर. पाय उभे राहतात, पण आधाराशिवाय चालवत नाही, अशा माणसासाठी ही वस्तू असते. हातांनी धरायची एक चौकट आणि तिला खाली चाकं. बस, एवढंच. पण ही वस्तू चुकीची घेतली म्हणजे काय होतं, ते आम्ही घरातच पाहिलं आहे. ते आधी सांगतो.

आमच्या आईचे वय 86. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, हाड जुळले. पण पायांवरचा भरवसा गेला. भिंत धरून उठायचं, भिंत धरून बसायचं. रोज सकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणारी बाई आतल्या खोलीत गप्प पडून राहू लागली.

आम्हाला ते बघवेना. आम्ही तडक नगरला गेलो आणि दुकानातला सगळ्यांत चकचकीत वॉकर घेऊन आलो. चार चाकं, बसायला जागा, पुढे टोपली! आईला विचारलं नाही, घराचं माप घेतलं नाही. जन्मभर मुलांना सांगितलं, गणित आधी नीट वाचा, मग सोडवा. आणि स्वतः मात्र न वाचताच उत्तर लिहून मोकळे झालो.

पहिल्याच दिवशी आई दाराबाहेर आली. आमच्या दारापुढे उतार आहे. उतारावर वॉकर सुटला. ब्रेक दाबायला आईच्या बोटांत जोर नाही, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. सून शेजारी होती, तिने कमरेला धरून सावरले. वॉकर एकटाच पळत जाऊन तुळशीवृंदावनावर आदळला. आई म्हणाली, "अरे, मला पाय आणलेस का घोडा आणलास?" सगळे हसले. आम्हाला मात्र रात्री झोप आली नाही. दुसरा खुबा मोडला असता तर?

मंडळी, आपले हिवरे बाजार गाव पावसाच्या छायेत आहे. 1994 साली गाव आदर्श गाव योजनेत आलं, श्रमदानातून पाणी अडवलं, हे तुम्ही जाणताच. पण पाणी अडवून आपण थांबलो नाही. पाऊस किती पडला ते आपण मोजतो. ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडतो, आणि मगच कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतो. आधी माप, मग पीक. गावाला जे कळलं, ते गुरुजींना घरात कळू नये, याची आम्हाला लाज वाटली.

मग आम्ही आईला घेऊन दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. चालण्याचे, व्यायामाचे शिक्षण देणाऱ्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तीन गोष्टी बघा. माणूस, घर आणि वाट."

पहिला माणूस. त्याला चालताना किती भार हातावर द्यावा लागतो? तोल जातो का? बोटांनी ब्रेक दाबता येतो का? सांगितलेलं लक्षात राहतं का? याच्यावर वॉकरची जात ठरते. वॉकर तीन जातींचे.

बिनचाकी वॉकर सर्वांत स्थिर. पण पावलोपावली उचलावा लागतो, माणूस दमतो.

दोनचाकी वॉकरला पुढे चाकं आणि मागे रबरी टोप्या घातलेले पाय. तो उचलावा लागत नाही, पुढे सरकतो. अंगाचा भार टाकला की मागचे पाय जमिनीला धरून राहतात. म्हणून तो सहसा सुटून पळत नाही.

चारचाकी वॉकर सर्वांत हलका चालतो. पोलिओने पाय अधू झालेल्या ऐना विफाल्क या स्वीडनच्या बाईंनी 1978 साली तो तयार केला. वस्तू उत्तमच आहे. पण ज्याचा तोल बरा आहे, हातात ब्रेक दाबण्याचा जोर आहे, फक्त लवकर दम लागतो, त्याच्यासाठी. सगळा भार त्याच्यावर टाकायचा नसतो.

आता उंची. रोजच्या वापरातली चप्पल घालून माणसाला सरळ उभं करा. हात मोकळे सोडू द्या. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजा. मूठ तेवढ्याच उंचीवर हवी. मग मूठ धरली की कोपर थोडे वाकते. मूठ खाली असली तर पाठीला बाक येतो, वर असली तर खांदे भरून येतात. वॉकर किती वजन पेलतो, ते त्याच्यावर लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येतं, तेव्हा दुकानदाराला विचारण्याआधी स्वतः वाचा.

दुसरं घर. घरातलं सगळ्यांत अरुंद दार मोजा. बहुधा ते न्हाणीचं किंवा संडासाचं असतं. वॉकर त्यातून गेला नाही, तर नेमक्या घसरायच्या जागी माणूस बिनआधाराचा राहतो. उंबरठे बघा. जमिनीवरची सतरंजी, गोणपाट उचला.

तिसरी वाट. गुळगुळीत फरशीवर लहान चाक चालतं. मातीत, खडीत ते रुततं. बाहेर जायचं असेल तर चाक आठ इंचांचं किंवा मोठं बघा. उतार असेल तर सोबत माणूस हवाच. आणि जिन्यावर चाकांचा वॉकर कधी नेऊ नका.

वापराच्याही चार गोष्टी ध्यानात ठेवा. उठताना वॉकर ओढून उठू नये. खाटेला किंवा खुर्चीला हात रेटून उठावं, मग वॉकर धरावा. वॉकर लांब ढकलू नये, अंगाजवळ ठेवून चालावं. चारचाकीवर बसण्याआधी दोन्ही ब्रेक लावावेत, आणि बसलेल्या माणसाला ढकलत नेऊ नये. रबरी टोप्या झिजल्या की लगेच बदलाव्यात.

पैशाचं म्हणाल, तर राज्य सरकारने 2024 साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. 65 वर्षांवरच्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या वृद्धांना अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये बँक खात्यावर देण्याची ती योजना आहे. अर्ज कधी घेतात, कागद कोणते लागतात, ते ग्रामपंचायतीत विचारा. पण पैसे सरकारचे असले, तरी माप आपणच घ्यायचे.

आम्ही आईसाठी दोनचाकी वॉकर घेतला. या वेळी तिच्या हातात देऊन, चालवून पाहून घेतला. न्हाणीचा उंबरठा फोडला, भिंतीला धरायला दांडी बसवली. दिसायला हा वॉकर साधा आहे, त्याला टोपली नाही. पण आई आता स्वतःच्या पायांनी ओट्यावर येते. काल आम्ही हात द्यायला गेलो, तर म्हणाली, "बाजूला हो, मला वाट दे."

मंडळी, म्हाताऱ्या माणसाला जेवण-खाण तर आपण देतोच. पण आपल्या मनाने दारापर्यंत जाता येणं, ही त्याची मोठी भूक असते. तुमच्या घरी असं कोणी असेल, तर दुकानात जाण्याआधी टेप घ्या, पाटी घ्या. मनगटाची उंची, दाराची रुंदी आणि माणसाचं वजन, हे तीन आकडे लिहा. आणि चौथं म्हणजे त्याला कुठवर जायचं आहे, ते त्यालाच विचारा.