सोळा टक्क्यांतला सल्ला



पालघर जिल्ह्यातल्या तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. पाळी सुटली की बोईसरच्या मेडिकलसमोर कामगार उभे राहतात. ‘दो गोली देना,’ एवढंच मागणं. पगार व्हायचा असतो, अख्खी पट्टी परवडत नाही. दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. मुदतीची तारीख छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो, आणि गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवून, हे विचारायचंही राहून जातं.

खरं तर 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषध कशासाठी, किती, कधी घ्यायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, हे समजावणं फार्मासिस्टचं कामच आहे. पण त्याचे पैसे कुठून यायचे? 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात अत्यावश्यक यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला त्याच्या खरेदी किमतीच्या 16 टक्के नफा धरलाय. कर सोडून 11 रुपये 60 पैशांची पट्टी विकली, तर हाती येतो 1 रुपया 60 पैसे. त्यातून गाळ्याचं भाडं, इन्सुलिनसाठी रात्रंदिवस चालणारा फ्रीज, फार्मासिस्टचा पगार. मग काही जण प्रमाणपत्र भिंतीवर टांगतात आणि काउंटरवर पोरगा उभा करतात. हे बेकायदा आहे, आणि रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

औषधं महाग करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. सल्ल्याचा मोबदला विक्रीपासून वेगळा काढा, एवढंच माझं मागणं आहे. इंग्लंडमध्ये 2024 पासून ठरावीक किरकोळ आजारांसाठी फार्मासिस्टने रुग्ण तपासला, की सरकार त्याचे दुकानाला पैसे देतं. आपल्याकडे क्षयाचं औषध विकल्याची नोंद कळवणं 2018 पासून बंधनकारक आहे. त्याच दुकानाने रुग्ण दर महिन्याला औषध नेतो की नाही हे पाहिलं, रक्तदाब मोजला, तर जिल्हा आरोग्य यंत्रणेने त्या कामाचे पैसे का देऊ नयेत?

जिल्ह्यातल्याच आदिवासी भागात, जव्हार-मोखाड्याकडे गिऱ्हाईक विरळ, म्हणून नुसत्या विक्रीवर तिथे दुकान तगणं आणखी अवघड. जनऔषधी केंद्रासाठी आदिवासी उमेदवाराला फर्निचर आणि संगणकासाठी दोन लाखांपर्यंत मदत मिळते. तिच्या जोडीला सल्ल्याचा हा मोबदला सुरू झाला, तर डी. फार्म. झालेला वारली तरुण नोकरीसाठी बोईसरला न उतरता आपल्याच तालुक्यात दुकान मांडेल आणि आजीला डोस तिच्या बोलीत सांगेल.