सरकारी वकिलाने न विचारलेले प्रश्न

(भाषणाचा मजकूर)



सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. ती चुकीची आहे. आरोपीला कसेही करून अडकवण्यासाठी त्याची नेमणूक नसते, तशीच खटला नावापुरता उभा करून पाडण्यासाठीही नसते. खरे काय घडले ते न्यायासनापुढे आणणे, हे त्याचे काम. ते त्याने केले नाही म्हणजे काय होते, ते बडोद्याने पाहिले आहे.

१ मार्च २००२ च्या रात्री तिथल्या बेस्ट बेकरीला जमावाने आग लावली. १४ जणांचे प्राण गेले. जून २००३ मध्ये जलदगती न्यायालयाने २१ च्या २१ आरोपी सोडले. डिसेंबरात गुजरात उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. साक्षीदारच फितूर झाले, तिथे वकील बिचारा काय करणार, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

त्यांनी तारखा पाहाव्यात. सात जखमी साक्षीदारांपैकी चौघांनी ९ मे २००३ रोजी जबाब फिरवले. मुख्य साक्षीदार तरुणीची साक्ष १७ मे रोजी होती. मध्ये आठ दिवस! तेवढ्या अवधीत तिच्या संरक्षणासाठी सरकारी वकिलाने काहीही केले नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले आहे. १७ मे रोजी तीही फिरली. आपल्याला धमक्या होत्या, असे तिने पुढे प्रतिज्ञापत्रावर सांगितले. आणखी एका साक्षीदाराला मनाने दुबळा ठरवून गाळले. त्याची वैद्यकीय तपासणी करावी, असे कुणाला वाटले नाही. उलट आरोपींच्या नातलगांना मात्र फिर्यादी पक्षाचे साक्षीदार म्हणून उभे केले! आता हा वकील कोणाचा म्हणायचा?

त्या तरुणीने पुढे पुन्हा जबाब बदलले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला एक वर्षाची कैद दिली. तिचे समर्थन मी करणार नाही. पण तिचे खोटे कागदावर होते, म्हणून पकडता आले. वकिलाने जो प्रश्न विचारलाच नाही, तो कामकाजाच्या कोणत्या पानावर शोधायचा?

१२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल रद्द करून फेरसुनावणी महाराष्ट्रात सोपवली. मुंबईत २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. पैकी चौघांची शिक्षा २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिकली, पाच सुटले. फेरसुनावणीच्या त्याच आदेशात नवा सरकारी वकील नेमावा, असेही सांगितले होते. त्याचे नाव सुचवण्याची मुभा पीडितांना होती, आणि त्याची फी आधी महाराष्ट्राने भरून मग गुजरातकडून वसूल करायची होती.