हिरोशिमाचा मोटारकारखाना

हिरोशिमा हे नाव उच्चारताच जगातील कोणत्याही माणसाच्या मनापुढे एकच दिवस उभा राहतो : ६ ऑगस्ट १९४५. ही कीर्ती त्या शहराने मागून घेतलेली नव्हती. त्या दिवसापूर्वीही तेथे एक कष्टाळू शहर नांदत होते आणि त्या दिवसानंतरही ते नांदते आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. या शहराला लागून फुचू नावाचे गाव आहे. तेथे एक मोटारकारखाना आहे. हिरोशिमाची पोरे त्याच्या भोंग्यावर वाढली, तेथील संसार त्याच्या पगारावर चालले, आणि शहराच्या दुसऱ्या जन्माचा इतिहास त्याच्यावाचून पुरा होत नाही. त्या कारखान्याचे नाव माझदा.

मुंबईकरांना तरी हे नाव परके वाटू नये. पारशी बांधव ज्या परमेश्वराची उपासना करतात तो अहुर मज्द हाच या नावाचा एक उगम होय. दुसरा उगम संस्थापकाच्या आडनावात आहे. जुजिरो मात्सुदा यांचे आडनाव आणि इराणच्या प्राचीन धर्मातील प्रज्ञेचा देव, या दोहोंचा मेळ घालून हे व्यापारी नाव बनविले गेले. गंमत अशी की, जपानी लिपीत कारखान्याचे नाव आजही ‘मात्सुदा’ असेच लिहितात. रोमन लिपीत मात्र ते माझदा होते. म्हणजे घरी एक नाव आणि दारी दुसरे !

जुजिरो मात्सुदा यांचा जन्म १८७५ सालचा. ते कोळ्याच्या घरचे. वडिलांचे छत्र लवकर हरपले, आणि मिसरूड फुटण्यापूर्वीच ते ओसाकास जाऊन लोहारकाम शिकू लागले. पुढे पाण्याचे पंप तयार करण्यात त्यांनी नाव कमावले. मात्र ज्या कंपनीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ती पंपांची नव्हती, मोटारींचीही नव्हती. ती बुचाची होती. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे बूच बंद पडले, तेव्हा हिरोशिमाच्या परिसरातील आबेमाकी या ओकच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून बूच करण्याचा उद्योग तेथे सुरू झाला. जानेवारी १९२० मध्ये ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी निघाली आणि पुढल्याच वर्षी तिची सूत्रे मात्सुदा यांच्या हाती आली. युद्ध संपताच युरोपचे अस्सल बूच परत बाजारात आले, धंदा खालावला. त्यात १९२५ च्या अखेरीस कारखान्याला आग लागली. मात्सुदांनी बुचाचा नाद सोडून आपल्या मूळ विद्येकडे, म्हणजे लोखंडाकडे, मोर्चा वळविला. १९२७ मध्ये कंपनीच्या नावातून कॉर्क हा शब्द गळाला आणि १९३१ पासून तीन चाकांची छोटी मालमोटार कारखान्यातून बाहेर पडू लागली. पुढे एक चाक, मागे दोन, हाती मोटारसायकलीसारखा दांडा आणि पाठीशी माल ठेवण्याची पेटी. आपल्याकडचा जुना तीनचाकी टेम्पो ज्यांनी पाहिला आहे त्यांना या वाहनाची कल्पना चटकन येईल. एंजिन पाचशे घनसेंटिमीटरांच्या आत ठेवले होते. कारण त्या मर्यादेतील वाहनाला तेव्हा जपानात परवाना लागत नसे. भाजीवाले, तांदळाचे व्यापारी, सुतार अशा माणसांना ते परवडले. माझदाची पहिली प्रतिष्ठा ती ही.

६ ऑगस्ट १९४५ रोजी मात्सुदा यांना सत्तर वर्षे पूर्ण होत होती. वाढदिवसाचा दिवस म्हणून ते सकाळीच शहरातील न्हाव्याकडे गेले आणि तेथून लवकर निघाल्यामुळे वाचले, अशी हकीकत सांगतात. त्यांचा धाकटा मुलगा मात्र त्या दिवशी गेला. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरांवर होता, आणि मध्ये हिजियामा ही बुटकी टेकडी होती. एरवी जिची कोणी दखल घेतली नसती त्या टेकडीने कारखान्याची आच अडविली. खिडक्या फुटल्या, छपरे उडाली ; भिंती आणि यंत्रे उभी राहिली. शहरात उभे असे फारसे काही उरलेच नव्हते. साहजिकच जखमी माणसे त्या दिशेने चालू लागली आणि कारखान्याचे रुग्णालय झाले. पुढे प्रांताची सरकारी कचेरी तेथे आली, आणि हिरोशिमाचे नभोवाणी केंद्रही काही काळ याच आवारातून चालले. राखेच्या ढिगाऱ्यात बसलेल्या लोकांपर्यंत मोटारकारखान्याच्या इमारतीतून माणसाचा आवाज पोहोचत होता ! त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी मालमोटारीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. त्या गाड्यांना गिऱ्हाइकांची वाण नव्हती. सारे शहरच वाहून न्यायचे आणि वाहून आणायचे होते.

१९४६ साली या कारखान्यात केनिची यामामोतो नावाचा एक तरुण कामाला लागला. तोक्योच्या विद्यापीठाची यंत्रशास्त्राची पदवी त्याच्यापाशी होती, युद्धात तो नौदलात होता, आणि परत आला तेव्हा त्याची बहीण अणुबाँबला बळी पडलेली होती. पदवीला साजेसे काम कोठून मिळणार ? तीनचाकी गाडीचे भाग जोडण्याचे काम त्याने पत्करले. पुढली चाळीस वर्षे या कारखान्याचे दैव ज्या एका माणसाशी बांधले गेले तो हाच.

१९५१ मध्ये जुजिरो यांचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा अध्यक्ष झाले. १९६० साली कंपनीने आर-३६० नावाची इवलीशी मोटार तीन लाख येनांना बाजारात आणली आणि ती हातोहात खपली. परंतु त्याच सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग खात्याच्या मनात निराळेच बेत शिजत होते. परदेशी मोटारींना दार उघडावे लागणार. तेव्हा देशातील लहानसहान कारखाने एकत्र करून त्यांचे दोनतीन बलिष्ठ गट करावेत, असा तो विचार होता. त्यासंबंधीचे विधेयक पुढे पार्लमेंटात तगले नाही, ही गोष्ट वेगळी. त्या घडीला मात्र हिरोशिमाच्या या आडबाजूच्या कारखान्याला आपले स्वतंत्र अस्तित्व टिकविण्यासाठी काहीतरी असे हवे होते की, जे दुसऱ्या कोणापाशी नाही. त्सुनेजी मात्सुदा १९६० मध्ये जर्मनीला गेले आणि एनएसयू या कंपनीशी त्यांनी बोलणी केली. १९६१ मध्ये त्या कंपनीच्या ताब्यातील एका नव्या एंजिनाचा परवाना त्यांनी मिळविला. ते एंजिन फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतून निघालेले होते.

नेहमीच्या एंजिनात दट्ट्या खालीवर होतो आणि त्या खालीवर होण्याचे रूपांतर भुजा व दंडाच्या साह्याने फिरण्यात करावे लागते. वांकेलने दट्ट्याच काढून टाकला. भुईमुगाची शेंग मध्यभागी किंचित आवळलेली असते, तशा आकाराची एक पोकळी घ्यावी. तीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी लोहखंड फिरता ठेवावा. त्याची तिन्ही टोके सतत भिंतीला घासत जातात. टोकांमधल्या तीन जागा आळीपाळीने मोठ्या होतात, लहान होतात. तेथेच इंधन शोषले जाते, दाबले जाते, पेटते आणि बाहेर पडते. भाग थोडे, वजन कमी, धडधड नाही. कागदावर याहून सुंदर यंत्र सापडणे कठीण.

अडचण होती ती टोकांची. तेथे बसविलेल्या पट्ट्या भिंतीवर घासता घासता थरथरत आणि भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटत. थोड्याच तासांत एंजिन निकामी होई. हिरोशिमाच्या कारागिरांनी त्या ओरखड्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले. एंजिन तेल पिई आणि पांढरा धूर ओके, तो त्रास आणखी वेगळाच. १९६३ मध्ये या कामासाठी स्वतंत्र विभाग काढण्यात आला. यामामोतो त्याचे प्रमुख आणि त्यांच्यासह माणसे सत्तेचाळीस. जपानात हा आकडा कोणीही सहजासहजी उच्चारीत नाही. धन्याच्या अपमानाचा सूड घेऊन मरण पत्करणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा तेथे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. आणि त्यांचा तो धनी हिरोशिमाच्या आसानो घराण्याच्याच एका शाखेचा होता. पट्टी कोणत्या कंपनाने थरथरते हे शोधून, तिला आडवीउभी भोके पाडून ते कंपन बदलता येते, हे या मंडळींना उमगले. अखेरीस कार्बनमध्ये अॅल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी टिकली, ओरखडे थांबले. ३० मे १९६७ रोजी दोन चक्रांचे एंजिन असलेली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीस निघाली. पुढल्या वर्षी जर्मनीच्या न्यूरबुर्गरिंग येथील चौऱ्याऐंशी तासांच्या शर्यतीत ती चौथी आली.

खुद्द जर्मनांची गोष्ट उलट झाली. एनएसयूची आरओ-८० ही याच जातीची गाडी १९६७ मध्येच निघाली आणि एंजिने वारंवार बदलून देता देता कंपनी खचली. १९६९ मध्ये ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. आरओ-८०चे मालक रस्त्यात भेटले म्हणजे आपले कितवे एंजिन चालू आहे ते बोटे वर करून एकमेकांना दाखवीत, असा विनोद त्या वेळी प्रचलित होता. मूळ शोध एकाचा आणि त्याला व्यवहारात आणण्याची चिकाटी दुसऱ्याची, असे उद्योगाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे.

चिकाटी आणि शहाणपण या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यशाच्या भरात माझदाने जवळजवळ सर्व तऱ्हेच्या गाड्यांत हे एंजिन घातले आणि १९७० पासून ती अमेरिकेत पाठविली. १९७३ मध्ये तेलाचे संकट कोसळले. अमेरिकन सरकारी चाचणीत असे दिसले की, ही गाडी शहरात एका गॅलनला जेमतेम दहाअकरा मैल जाते. पेट्रोलसाठी रांगा लागलेल्या असताना अशी गाडी कोण घेणार ? न खपलेल्या मोटारींनी मैदाने भरली. ज्या एंजिनाने कंपनीचे स्वातंत्र्य राखले तेच तिच्या जिवावर उठले. सुमितोमो बँकेने आपली माणसे कारभारावर बसविली आणि १९७७ मध्ये मात्सुदा घराण्यातील तिसऱ्या पिढीच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. कामगारांना घरी पाठविण्याऐवजी त्यांतील हजारोंना गाड्या विकण्यासाठी देशभरच्या दुकानांत धाडण्यात आले. ज्यांनी जन्मभर पाना आणि हातोडा हाती धरला त्यांनी अनोळखी गावी दारोदार जाऊन, कमरेत वाकून मोटारी विकाव्या, हे सोपे नव्हते. हिरोशिमातील व्यापाऱ्यांनीही गावची गाडी गावाने घ्यावी अशी चळवळ उभारली. त्याच १९७५ सालात हिरोशिमाच्या कार्प या बेसबॉल संघाने आपल्या लीगचे पहिले अजिंक्यपद मिळविले. या संघाच्या नावात अजूनही कारखान्याचा जुना ‘तोयो’ हा शब्द आहे. शहराला त्या वर्षी अशा काहीतरी वार्तेची फार गरज होती.

कंपनी तरली ती साध्या दट्ट्याच्या गाड्यांवर. विशेषतः १९७७ आणि १९८० च्या फॅमिलिया या मोटारींवर. तथापि यामामोतो यांनी आपले चक्री एंजिन टाकले नाही. इंधनाचा खप बराच कमी करून १९७८ मध्ये त्यांनी ते आरएक्स-७ या शर्यतीच्या धाटणीच्या गाडीत आणले. पुढील वर्षी अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने माझदाचे सुमारे चतुर्थांश भांडवल घेतले. १९८४ मध्ये यामामोतो अध्यक्ष झाले आणि कंपनीनेही माझदा हे नाव अधिकृतपणे धारण केले. आपल्या देशाशी तिचा संबंध आला तो याच सुमारास : पंजाबात निघालेल्या स्वराज माझदाच्या हलक्या मालमोटारी आणि बसगाड्या पुढे देशभर धावल्या. तिच्या प्रवासी मोटारींनी मात्र भारतीय बाजारात ठाण मांडले नाही.

जगात माझदाचा खरा लौकिक झाला तो दोन गोष्टींनी. १९८९ मध्ये तिने एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची, हलकी मोटार काढली. असल्या गाड्या इंग्रजांनी करून सोडून दिल्या होत्या. माझदाने त्या धड चालणाऱ्या केल्या. २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या, आणि त्या जातीत तेवढा खप कोणाचाच नाही. दुसरी गोष्ट जून १९९१ मधील. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत ५५ क्रमांकाची हिरव्यानारिंगी रंगाची ७८७बी ही गाडी ३६२ फेऱ्या पुऱ्या करून पहिली आली. जपानी मोटारीने ती शर्यत जिंकण्याचा तो पहिला प्रसंग. दुसऱ्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले. शेवटच्या टप्प्याचा चालक जॉनी हर्बर्ट इतका गळून गेला होता की, त्याला विजयाच्या चौथऱ्यावर उभेही राहता आले नाही.

पण शर्यतीतला जय म्हणजे धंद्यातला जय नव्हे. त्याच वर्षांत माझदाने जपानात पाच वेगवेगळ्या नावांची विक्रीची दुकाने थाटली होती. भरभराटीचा फुगा फुटताच तो डोलारा कोसळला. १९९६ मध्ये फोर्डने आपला वाटा तृतीयांशावर नेला आणि हेन्री वॉलेस हे अध्यक्ष झाले. जपानच्या एखाद्या मोठ्या मोटारकंपनीवर परदेशी अध्यक्ष येण्याची ती पहिलीच वेळ. फोर्डने २००८ पासून अंग काढून घेतल्यावर माझदाने पुन्हा स्वतःच्या डोक्याने एंजिने बनविली. २०१२ च्या सीएक्स-५ पासून त्यांची वाहवा झाली. २०१७ पासून टोयोटाशी भागीदारी आहे. गिऱ्हाइकांच्या तक्रारीही कमी नाहीत : एके काळी तिच्या गाड्या लवकर गंजतात असा बोलबाला होता आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. जून २०२४ मध्ये तर काही गाड्यांच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी केलेल्या चाचण्यांत नियमबाह्य गोष्टी झाल्याचे कंपनीला कबूल करावे लागले आणि दोन गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. हाच कबुलीजबाब जपानच्या इतर नामांकित कंपन्यांनीही दिला. पण त्यामुळे माझदाचे उणे भरून येत नाही.

चक्री एंजिनाची शेवटची गाडी, आरएक्स-८, जून २०१२ मध्ये बंद झाली. तोवर अशा १९ लाखांहून अधिक मोटारी हिरोशिमाने जगाला दिल्या होत्या. अमेरिकेच्या जनरल मोटर्सपासून कित्येकांनी या एंजिनाचे परवाने घेऊन ते सोडून दिले होते. यामामोतो डिसेंबर २०१७ मध्ये वारले. २०२३ मध्ये एंजिन परत आले, पण धाकट्याच्या भूमिकेत : एमएक्स-३० या विजेवर चालणाऱ्या मोटारीत एक चक्र बसविले आहे. ते चाकांना हात लावीत नाही. फक्त विजेची पेटी भरते. त्यानंतर १ फेब्रुवारी २०२४ रोजी कारखान्याने या एंजिनाच्या अभ्यासासाठी पुन्हा एक स्वतंत्र विभाग काढला. या खेपेला त्यात छत्तीस अभियंते घेतले आहेत.