अंधाऱ्या पेटीतली ठिणगी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



कवीने विज्ञानावर का बोलावं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. गणिताची आणि माझी ताटातूट शाळेतच झाली. पण शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे, आणि सध्या एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो म्हणजे ‘क्वांटम’. केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींहून अधिक रुपयांची मंजुरी दिली. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञानाचं वर्ष म्हणून पाळलं. हे चांगलंच झालं. पण त्याच शब्दाच्या जोरावर गळ्यात घालायची पदकं विकली जातात, दुखणी बरी करण्याचे दावे होतात. उसना शब्द घ्यायचा तर अर्थासकट घ्यावा, म्हणून मी थोडं वाचलं. जे समजलं ते आज सांगतो.

सुरुवात या रेडिओपासूनच करू. माझा आवाज हवेतून जास्तीत जास्त शेजारच्या खोलीपर्यंत जाईल. तुमच्यापर्यंत येते ती वेगळीच लाट, विजेची आणि चुंबकाची मिळून झालेली. ती आली कुठून? १८२० साली कोपनहेगनमध्ये अर्स्टेड या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की तारेतून वीज सोडली की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेतून चुंबकत्व निर्माण होतं. मग चुंबकातून वीज का होऊ नये? १८३१ मध्ये लंडनच्या मायकेल फॅरेडेने दाखवून दिलं, की चुंबक नुसता ठेवून काही होत नाही, तो हलवावा लागतो. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. गणित त्याला जवळजवळ येत नव्हतं, ही माझ्यासारख्याला धीर देणारी गोष्ट. आज कोयनेच्या वीजघरात पाण्याने जे चक्र फिरतं, त्यामागे फॅरेडेचाच नियम आहे.

फॅरेडेचं म्हणणं गणितात मांडलं जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. विजेत बदल झाला की चुंबकत्व, चुंबकत्वात बदल झाला की वीज, अशी एकमेकांना पुढे ढकलणारी लाट असली पाहिजे, असं त्याच्या समीकरणांतून निघालं. त्या लाटेचा वेग काढला तर आला सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. हा तर प्रकाशाचा वेग! १८६५ साली छापलेल्या निबंधात मॅक्सवेलने निष्कर्ष मांडला, की प्रकाश हीसुद्धा विद्युतचुंबकीय लाटच आहे. मीडियम वेव्हवर १००० किलोहर्ट्झची लाट ३०० मीटर लांब असते. हिरव्या प्रकाशाची लाट केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान. जात एकच, फरक लांबीचा.

पण हे सगळं कागदावर होतं. अशी लाट कुणी पाहिली होती? १८८६ ते १८८८ या काळात जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे हाइनरिश हर्ट्झने ती निर्माण करून दाखवली. एका बाजूला विजेची मोठी ठिणगी पाडायची. काही अंतरावर तारेचं एक वेटोळं, त्याच्या टोकांत बारीकशी फट. दोन्हींना जोडणारी तार नाही, तरी इकडे ठिणगी पडली की तिकडच्या फटीतही इवलीशी ठिणगी पडायची. लाट मधली जागा ओलांडून जात होती. रेडिओचा जन्म या ठिणगीत आहे.

आता खरी गोष्ट. ती इवली ठिणगी नीट दिसावी म्हणून हर्ट्झने वेटोळ्यावर पेटी ठेवून अंधार केला. तर ठिणगी आखूड झाली! असं होण्याचं काही कारण नव्हतं. दुसरा कुणी असता तर पेटी काढून मूळ कामाला लागला असता. हर्ट्झने महिनोन् महिने त्याचा पिच्छा पुरवला. मध्ये काच धरली, स्फटिक धरला, आणि शोधून काढलं की मोठ्या ठिणगीतून येणारे अतिनील किरण फटीवर पडले तर ठिणगी सहज पडते, अडवले तर अवघड होते. असं का होतं, ते त्याला कळलं नाही. आपल्याला याचा अर्थ लागत नाही हे त्याने न लपवता १८८७ मध्ये सगळं छापून टाकलं. १८९४ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. ज्या टेबलावर प्रकाश ही लाट आहे हे सिद्ध झालं, त्याच टेबलावर त्या मताला हादरा देणारा पुरावा पडला होता, हे त्याला कधी कळलंच नाही.

पुढच्या पंधरा वर्षांत उलगडलं, की अतिनील प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. पण त्याची वागणूक विचित्र. लेनार्ड या शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये नोंदवलं, की प्रकाश प्रखर केला तर जास्त इलेक्ट्रॉन निघतात, पण प्रत्येकाचा जोर वाढत नाही. जोर ठरतो प्रकाशाच्या रंगावरून. आणि चुकीच्या रंगाचा प्रकाश असेल तर कितीही ओता, एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. लाटेचा हिशेब इथे बसेना.

आपण कैऱ्या पाडतो तेव्हा काय होतं? मूठभर काय, टोपलीभर वाळू फेकली तरी कैरी पडत नाही. नेमका एक दगड बसला की पडते. दगड जास्त मारले तर कैऱ्या जास्त पडतील, इतकंच. १९०५ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइनने नेमकं हेच सुचवलं: प्रकाशाची ऊर्जा सुटी येत नाही, पुड्यांमध्ये येते. लाल प्रकाशाच्या पुड्या लहान, निळ्याच्या मोठ्या, अतिनीलच्या त्याहून मोठ्या. पुडीची कल्पना त्याच्याआधी, डिसेंबर १९०० मध्ये, माक्स प्लांकने तापलेल्या वस्तूंच्या प्रकाशाचा हिशेब जुळवताना मांडली होती, तीही नाइलाजाने. लॅटिनमध्ये ‘क्वांटम’ म्हणजे ‘केवढं’. आपण मराठीत ‘पुंज’ म्हणतो. मला मात्र वाण्याची पुडी जवळची वाटते. अर्धी पुडी मिळत नाही, घ्यायची तर अख्खी घ्या.

माझ्या वयाच्या लोकांनी फोटो स्टुडिओतली डार्करूम पाहिली असेल. आत लाल दिवा. त्याच्या उजेडात तासभर काम केलं तरी कृष्णधवल छपाईचा कागद काळा पडत नसे, आणि दार किलकिलं झालं की बिघडत असे. लाल प्रकाशाची पुडी त्या कागदाला पुरी पडत नाही. मोबाइल टॉवरच्या लहरींची चिंता करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. त्या लहरींची पुडी दिसणाऱ्या प्रकाशाच्या पुडीपेक्षाही काही लाख पटींनी लहान असते. तीव्रता फार असेल तर त्या ऊब देतील, पण रेणू तोडण्याएवढी ताकद एकेका पुडीत नाही.

आइन्स्टाइनचं म्हणणं बहुतेकांना पटलं नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट मिलिकनला तर मुळीच नाही. ते खोडून काढायला त्याने कित्येक वर्षं प्रयोग केले, आणि १९१६ पर्यंत त्याच्याच आकड्यांनी आइन्स्टाइनचं समीकरण अचूक ठरवलं. कल्पना नापसंत होती, तरी त्याने आकडे जसेच्या तसे छापले. पुढे याच समीकरणासाठी आइन्स्टाइनला १९२१ सालचं नोबेल मिळालं आणि १९२३ मध्ये मिलिकनलाही.

मग लाट खोटी ठरली का? तेही नाही. १९०९ साली केंब्रिजमध्ये जी. आय. टेलरने प्रकाश इतका मंद केला, की मैलभर अंतरावर जळणाऱ्या मेणबत्तीइतका उजेड उरला. सुमारे तीन महिने फोटोची काच त्यापुढे ठेवली. तरी काचेवर लाटांनीच उमटावेत असे पट्टे उमटले. प्रकाश येऊन पडतो पुडीसारखा, पण कुठे पडायची शक्यता जास्त, ते ठरतं लाटेच्या हिशेबाने. पुढे इलेक्ट्रॉनही तसाच निघाला. तो कण आहे हे दाखवणाऱ्या जे. जे. थॉमसनला १९०६ मध्ये नोबेल मिळालं आणि तो लाटेसारखा वागतो हे दाखवणाऱ्या त्याच्या मुलाला १९३७ मध्ये. बापलेक दोघेही बरोबर होते.

इथे कवीचा हात शिवशिवतो. ‘तुम्ही आधी मराठी की आधी मुसलमान?’ असं मला अधूनमधून विचारलं जातं. उत्तरादाखल प्रकाशाचं उदाहरण तोंडावर मारावं, असा मोह होतो. मी तो आवरतो. माणसाच्या प्रश्नाला माणसासारखंच उत्तर द्यावं, त्यासाठी इलेक्ट्रॉनला साक्षीला बोलवू नये. ‘पाहणाऱ्याच्या मनाने जग घडतं असं क्वांटम सांगतं’ हे वाक्यही असंच उसनवारीचं. प्रयोगातलं ‘पाहणं’ म्हणजे उपकरणाशी आलेला संबंध. त्यासाठी माणसाचं मन लागतं, असं दाखवणारा एकही प्रयोग नाही.

आणि ‘हे सगळं आमच्या ग्रंथात आधीपासून आहे’ असं सांगणारे मला सगळ्या बाजूंना भेटतात. माझ्या समाजातले तर आवर्जून भेटतात. मी त्यांना अकराव्या शतकात कैरोमध्ये राहिलेल्या इब्न अल-हैसमची आठवण देतो. प्रकाश डोळ्यातून बाहेर जात नाही, डोळ्यात येतो, हे त्याने अंधाऱ्या खोलीतले प्रयोग आणि गणित यांच्या आधारे मांडलं. टॉलेमीला तो फार मानत होता, तरी त्याच्या चुका दाखवणारा ‘टॉलेमीबद्दलच्या शंका’ हा ग्रंथ त्याने लिहिला. ज्यांचा अभिमान धरायचा, त्यांची ही सवय आधी घ्यावी. कार्ल्सरूहच्या पेटीत ठिणगी आखूड झाली तेव्हा हर्ट्झनेही तेच केलं.

आणखी एक. १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशाच्या या पुड्या मोजण्याची नवी रीत लिहून आइन्स्टाइनला पाठवली. आइन्स्टाइनने तिचं जर्मन भाषांतर स्वतः करून छापून आणलं. याच बोसांनी १९४८ मध्ये बंगालीतून विज्ञान सांगण्यासाठी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून तेच काम करते आहे. क्वांटम कळायला इंग्रजी यावं लागतं, असं बोसांना वाटलं नव्हतं. तेव्हा यापुढे कुणी हा शब्द वापरून तुम्हाला काही विकायला आलं, तर आपल्या भाषेत एवढंच विचारा: यात पुडी कसली, आणि ती मोजली कुणी?