‘आमच्यात कुणी पीत नाही’

(अंबरनाथ येथे पालक आणि विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



उल्हासनगरच्या कॅम्पांतून, अंबरनाथमधून आणि बदलापुरातून तुम्ही सगळे आलात, आभार. दाराजवळ जी मुलं उभी आहेत त्यांनी पुढे येऊन बसावं. आजचं बोलणं तुमच्याविषयी आहे, पण तुमच्याविरुद्ध नाही.

या बैठकीचं सांगायला आम्ही घरोघर गेलो, तेव्हा एक वाक्य बऱ्याच दारांत ऐकलं : ‘आमच्यात कुणी पीत नाही.’ सांगणारे खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे दारू हराम मानली जाते आणि त्यामुळे कित्येक घरं वाचली, हे मीही मानतो. पण ज्या घरातला मुलगा तरीही प्यायला लागतो, त्या घराच्या दाराला हेच वाक्य कुलूप लावतं. मदत बाहेरच राहते.

माझ्या खालाच्या मुलाचं सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे, नाव घेत नाही. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मित्रांनी कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून दिली. अकरावीत महिन्यातून एकदा, बारावीत आठवड्यातून तीनदा. खालाला वास पहिल्याच वर्षी आला होता. खालू मारतील म्हणून ती गप्प राहिली. खालूंना कळलं तेव्हा मोठ्या मुलीचं स्थळ जमत होतं, म्हणून तेही गप्प. मग मुलाला गावी पाठवलं. मग कुणी म्हणालं, लग्न लावून द्या, सुधारेल. यात चार वर्षं गेली. डॉक्टरकडे नेलं तेव्हा तो २० वर्षांचा होता आणि सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता. डॉक्टरांनी विचारलं, ‘इतके दिवस कुठे होता?’ खाला म्हणाली, ‘घरातच होतो.’

आज तो पीत नाही, कामावर जातो. पण शिक्षण सुटलं ते सुटलं. त्या चार वर्षांसाठी मी आज इथे उभा आहे.

कोवळ्या वयात धोका जास्त का?

माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. थांब, विचार कर, असं सांगणारा पुढचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. म्हणजे ब्रेक पुरता बसलेला नसताना गाडी हातात येते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की १५ वर्षांच्या आत प्यायला लागलेल्यांमध्ये पुढे दारूच्या आहारी जाणाऱ्यांचं प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट होतं. आपल्याकडे केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे, असं त्यात म्हटलं आहे. सुरुवात बहुतेकांनी तरुणपणीच केली असणार.

मुलं म्हणतात, ‘एक क्वार्टरच तर होती, चौघांत.’ हिशेब करू. १८० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये जवळपास ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दहा ग्रॅमचा एक पेग धरला तर सहा पेग. चौघांतले दोघे ‘नको’ म्हणाले आणि पैज लावून उरलेली एकानेच संपवली, तर ४५ किलोच्या, उपाशीपोटी असलेल्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

आणि आपला परिसर कसा आहे ते पाहा. पावसाळ्यात कोंडेश्वरचा धबधबा, बारवी धरणाचा परिसर, उल्हास नदीचा काठ. प्यायलेल्या मुलाला पाण्याची खोली कळत नाही आणि वाचवायला उतरणारा मित्रही प्यायलेला असतो. परत येताना लोकलचं दार किंवा तिघं बसलेली बाइक. स्वस्तात मिळणाऱ्या गावठीचा धोका तर वेगळाच. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं. त्याने आधी डोळे जातात, मग जीव.

मित्र बेशुद्ध पडला तर

मुलांनो, हे नीट ऐका. हाक मारूनही उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, झोपेतच उलटी होत असेल, तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. १०८ ला फोन करा. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. लिंबूपाणी, कॉफी, मीठपाणी काही पाजू नका. थंड पाण्याखाली धरू नका. एकटं सोडू नका. घरी कळेल या भीतीने पळालात तर मित्र जाईल. ओरडा दोन दिवसांत विसरला जातो.

कायदा कुणाला पकडतो?

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे. बालन्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ सांगतं, की १८ वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे फक्त दुकानदाराला लागू नाही. हळदीच्या रात्री ‘घे रे, मोठा झालास’ म्हणणारा दादाही त्यात येतो.

घरात काय करायचं?

मुलगा प्यालेला असताना वाद घालू नका. त्याला सुरक्षित झोपवा, लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवशी, नातेवाइकांसमोर नाही, एकट्याशी बोला. कधीपासून, कुणाबरोबर, आणि न पिता किती दिवस राहता येतं, एवढं विचारा. मग गप्प बसून ऐका. मारल्याने पिणं थांबत नाही, सांगणं थांबतं. हराम आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणूनच तो लपवतो. तो उपदेश झाला, उपचार नव्हे.

मुलगी असेल तर आपण आणखी लपवतो. तिला मदत आणखी उशिरा मिळते. आणि अब्बाच पीत असतील, तर मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार? तिथे उपचार अब्बांपासून सुरू व्हायला हवा.

एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम दारू तोडू नका. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

मदत कुठे आहे?

फोन आधी लिहून घ्या. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. मुलांसाठी १०९८. तिन्ही मोफत आहेत, मूल स्वतःही फोन करू शकतं.

जवळचं सरकारी रुग्णालय म्हणजे उल्हासनगर कॅम्प ३ मधलं मध्यवर्ती रुग्णालय. तिथे आधी दाखवा, पुढे कुठे जायचं ते विचारा. लोकलने ठाण्याला गेलात तर प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. नावाला घाबरू नका, तिथे जाणारा ‘वेडा’ नसतो. मुंबईत केईएम आणि जे.जे. रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये ते सुरू केलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नाही, आडनावही विचारत नाहीत. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन हा वेगळा गट असतो.

खासगी केंद्रात नेणार असाल तर नोंदणी पाहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत राहते. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. ‘महिनाभर भेटायला येऊ नका’ असं कुणी म्हणालं, तर मुलाला घेऊन परत या.

शेवटी एवढंच. आज घरी गेल्यावर ‘आमच्यात कुणी पीत नाही’ याच्या जागी मुलांना दुसरं वाक्य सांगा : ‘काहीही झालं तरी आधी मला सांग, मी तुझ्यासोबत डॉक्टरकडे येईन.’ माझ्या खालाच्या मुलाला हे वाक्य विसाव्या वर्षी मिळालं. तुमच्या मुलांना ते आज रात्री जेवताना मिळू दे.